वाघाला माहीत नाही

"ताई, म्हातारी आत आहे की!"

तालमीचा पाचवा दिवस. वाघ झालेला मुलगा भोपळ्यासमोर उभा होता. त्याने विचारायचं होतं, 'भोपळ्या भोपळ्या, म्हातारीला पाहिलंस का रे?' ते सोडून तो खाली वाकला, कामट्यांच्या फटीतून आत डोकावला आणि माझ्याकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाला, ताई, म्हातारी आत आहे की. वर भोपळ्यातूनही बारीक आवाजात उत्तर आलं, "हो."

बाकीची पंधरा मुलं जंगल होऊन भिंतीला टेकून बसली होती. त्यांनाही यात काही चुकलं असं वाटलं नाही. म्हातारी आत होतीच. सगळ्यांनी मिळून तिला आत बसवलं होतं, वाघाने स्वतः भोपळ्याचं डालगं उचलायला हात लावला होता. मग आता 'म्हातारी कुठे गेली' असं विचारायचं म्हणजे काय?

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तुला माहीत आहे ती आत आहे. मलाही माहीत आहे. पण वाघाला माहीत आहे का?"

तो गप्प झाला. भोपळ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताला बांधलेल्या पिवळ्या फडक्याकडे बघितलं. बराच वेळ गेला. मग अगदी हळू म्हणाला, "वाघ तिकडं झोपला होता."

"मग?"

"मग त्याला कसं कळंल?"

गेली बावीस वर्षं मी दर मे महिन्यात सांगलीत, गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, पाच ते आठ वर्षांच्या मुलांचं नाट्यशिबिर घेते. तीन आठवडे, सकाळी दहा ते बारा. शेवटच्या दिवशी त्याच माडीवर सतरंज्या अंथरून आईवडील, आजीआजोबा बसतात आणि मुलं त्यांचं नाटक करतात. तिकीट नाही, बक्षीस नाही. इतक्या वर्षांत हाती काय लागलं असं कुणी विचारलं, तर मी त्या मुलाचा तो प्रश्न सांगेन. वाघाला कसं कळेल? सव्वापाच वर्षांचं मूल स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट बाजूला ठेवून, ती ठाऊक नसलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी जागी जाऊन उभं राहिलं होतं. मुलांसोबत नाटक करायचं ते यासाठी, असं मला आता अगदी मनापासून वाटतं.

नाव नोंदवायला येणारे पालक मात्र दुसरंच काही मागायला येतात. आमची सांगली नाटकाचं गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच, आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन साजरा करतो. त्यामुळे पोराला नाटकाला घालणं इथे कुणाला वावगं वाटत नाही. पण दारातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, ह्याला जरा स्टेज डेअरिंग येऊ दे." दुसरं: "घरी लई बडबड करती, चारचौघांत तोंड उघडत नाही." अलीकडे तिसरंही असतं, मोबाईल सुटावा म्हणून. या मागण्या खऱ्या असतात आणि त्यामागची काळजीही खरी असते. शिबिरानंतर थोडा धीटपणा येतोही. पण धीटपणा हा वरवरचा फायदा झाला. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना धीटपणाची गरजच नसते. त्यांना बोलता येतं, सगळ्यांच्या वर आवाज काढता येतो. जमत नाही ते समोरचा बोलत असताना थांबणं.

आमचा वाघ त्यातलाच.

आधी नाटकाबद्दल सांगते. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही गोष्ट मराठी घरात वाढलेल्या कुणालाही नव्याने सांगावी लागत नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत आडवा आलेला वाघ, मग 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' हा वायदा आणि परतताना भोपळ्यात बसून म्हातारीने मारलेली ती मजेशीर थाप. मी ती दर तीन-चार वर्षांनी पुन्हा काढते. त्यात राजा नाही, परी नाही, मोठं नेपथ्य नाही. भोपळ्यासाठी बुरूड गल्लीतल्या एका आजोबांकडून कोंबड्या झाकायचं असतं तसं मोठं डालगं विणून घेतलंय आणि त्यावर माझ्या आईची केशरी सुती साडी शिवली आहे. झालं नेपथ्य.

ही गोष्ट लहान मुलांना इतकी का आवडते, याचा विचार मी फार वर्षं केला नव्हता. त्यातला नाद आवडतो, टुणुक टुणुक आवडतं, एवढंच मला वाटायचं. मग एका बालमानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने मला एक जुना प्रयोग सांगितला. ऑस्ट्रियात विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो केला, १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना एक गोष्ट सांगायची. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं ठामपणे सांगतात, दुसऱ्या कपाटात. चॉकलेट तिथेच आहे ना! मॅक्सीने आईला बघितलंच नाही, त्याच्या डोक्यात अजून जुनीच जागा आहे, हे त्यांना पकडता येत नाही. साधारण चारच्या पुढे ते हळूहळू जमू लागतं. आपल्या मनात एक आहे आणि दुसऱ्याच्या मनात वेगळंच, कदाचित चुकीचंही, असू शकतं हे कळणं म्हणजे बालपणातली फार मोठी उडी आहे.

हे ऐकलं आणि मला भोपळा आठवला. त्या गोष्टीचा सगळा जीव यातच आहे. म्हातारी आत आहे हे आपल्याला माहीत आहे, वाघाला माहीत नाही. मांडीवर बसून गोष्ट ऐकणारं पोर 'म्हातारी कोतारी मी नाही जाणत' आलं की खुदकन हसतं. ते हसू त्या माहीत असण्या-नसण्याच्या अंतरातून येतं. आपल्या आज्यांनी कुठला प्रयोग केला नव्हता, पण चौथ्या-पाचव्या वर्षी मुलाच्या मनाला काय लागतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

बालनाट्याच्या प्रयोगाला गेलेल्या प्रत्येकाने हे प्रेक्षागृहात अनुभवलंय. चेटकीण मागून येते, नायिकेला पत्ता नाही, आणि सगळं बाल्कनीसकट थिएटर ओरडतं: "मागे बघ! मागे आहे!" मोठ्यांना वाटतं मुलं गोंधळ घालतायत. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. शे-दोनशे मुलं एकाच वेळी, आपल्याला कळलेलं पण दुसऱ्या माणसाला न कळलेलं काहीतरी, जीव तोडून त्याच्यापर्यंत पोचवू पाहत असतात.

आमचा वाघ मॅक्सीच्या चाचणीत सहज पास झाला असता. त्याच्या वयाला ते कळतं. पण कळणं वेगळं आणि अंगाने करणं वेगळं. वाघ व्हायचं तर त्याला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या होत्या: मला माहीत आहे, आणि मला माहीत नाही. डोळे भोपळ्याच्या फटीकडे वळू द्यायचे नाहीत. हसू दाबायचं. म्हातारीच्या वाटेकडे, दाराकडे बघत राहायचं. आणि तरीही मनात ठेवायचं की आत आपली मैत्रीण आहे, डालगं जोरात ढकललं तर तिला लागेल. एवढी कसरत आपण मोठी माणसंही रोजच्या आयुष्यात फार कमी वेळा करतो.

रशियाचे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी खेळाबद्दल लिहिताना म्हटलंय, की खेळात मूल आजारी माणूस होऊन रडतं आणि त्याच वेळी खेळणारा म्हणून मनात आनंदलेलं असतं. खेळताना मूल स्वतःहून डोकंभर उंच असतं, असंही ते म्हणतात. भातुकली मांडलेल्या कुठल्याही अंगणात हे दिसतं. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी बाहुलीला निजवताना अर्धा तास हालत नाही, कारण ती आता आई आहे आणि आई असं उठून जात नसते. नाटक म्हणजे भातुकलीच. फरक इतकाच की तिला वेळ आहे, क्रम आहे आणि बघणारं कुणीतरी आहे.

आता आमच्या वाघाच्या दुसऱ्या खोडीबद्दल.

त्याचं पाठांतर जबरदस्त होतं. चौथ्या दिवशी त्याला अख्खं नाटक पाठ होतं. म्हातारीचं, लेकीचं, कोल्ह्याचं, जंगलाचं, सगळ्यांचं. आणि तो सगळ्यांचं बोलायचा. म्हातारीने तोंड उघडायच्या आत याचं वाक्य संपलेलं. लेक 'आई, दमलीस ग' म्हणायला श्वास घेते तोवर भिंतीपासून आवाज येतो, 'आई, दमलीस ग'. बाकीची मुलं वैतागली. कोल्हा तर रडला: "ताई, ह्यो माझं बोलतोय."

त्याचे आजोबा रोज सोडायला यायचे, त्यांना याचा भारी अभिमान. "ताई, एका दमात सगळं म्हणतोय बघा. याला एकट्यालाच करू दे की सगळं." ते प्रेमापोटी बोलत होते. शाळेत, घरात, सगळीकडे त्या मुलाला शाबासकी मिळत होती ती पहिल्यांदा उत्तर देण्याची. हात वर कर, आधी सांग, पटकन सांग. माहीत असलेलं न सांगता धरून ठेवण्याची शाबासकी त्याला कुणी दिलीच नव्हती.

मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. गप्प बसवलेलं मूल ऐकत नसतं, ते आपल्या पाळीची वाट बघत फुरंगटून बसतं. आम्ही खेळ खेळलो. पहिला आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळूहळू हात हलवायचा, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचं. नियम एकच: बघणाऱ्याला कळता कामा नये की आरसा कोण आणि माणूस कोण. हात झपकन हलवला की आरसा चुकतो आणि चूक हलवणाऱ्याची धरतात. म्हणजे पुढे असणाऱ्यानेच मागच्याला सोबत घ्यायचं. त्याला हे पहिले दोन दिवस अजिबात जमलं नाही. त्याचा हात कुठल्या कुठे जायचा आणि समोरची मुलगी हताश होऊन उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तो तिच्या डोळ्यांकडे बघायला लागला. हात आपोआप हळू झाला.

दुसरा खेळ टाळीचा. गोलात बसून एकाने शेजाऱ्याला टाळी द्यायची, त्याने पुढे द्यायची. मग मधे खंजिरी वाजवून लय बदलायची. मग डोळे मिटून. सतरा मुलांच्या गोलातून एक टाळी न अडखळता फिरली की माडीवर जी शांतता होते, ती मला शब्दांत सांगता येत नाही. मुलांनाही ती जाणवते. त्या शांततेत ती एकमेकांकडे बघून हसतात.

संगीताचं शिक्षण म्हणतात ते या वयात एवढंच असावं असं माझं मत आहे. स्वर, राग, परीक्षा नंतर. आधी आपली लय दुसऱ्याच्या लयीला जोडता यावी. आमच्या नाटकात 'टुणुक टुणुक' जंगलाने म्हणायचं असतं, आणि भोपळा ज्या गतीने चालेल त्या गतीने म्हणायचं. भोपळा अडखळला तर टुणुकही अडखळलं पाहिजे. पंधरा मुलं पंधरा दिवस एका केशरी डालग्याच्या चालीकडे डोळे लावून बसतात. आपडी थापडी, भोंडल्याचा फेर, वारीतलं टाळांचं पाऊल, आपल्याकडच्या या सगळ्या गोष्टी हेच शिकवत आल्या आहेत.

भोपळ्यातली मुलगी सहा वर्षांची. पहिल्या दिवशी तिच्या आईने माझ्या कानात सांगितलं होतं, "मॅडम, हिला बोलायचं काही देऊ नका, ती रडेल. जंगलात बसवा." मी मुलीला विचारलं, तुला काय व्हायचंय? तिने बोटाने डालगं दाखवलं. का, ते मला आठवडाभराने कळलं. त्यात शिरलं की कुणाला दिसत नाही. बाहेर उभी असताना तिचा आवाज घशातच विरायचा. डालग्यात गेली की साडीच्या आडून वाक्य नीट, खणखणीत यायचं. म्हातारी दोन मुलींनी वाटून घेतली: जाताना एक, भोपळ्यातून येताना ही. सोंग माणसाला लपवतं आणि लपलं की माणूस मोकळं बोलतो, हे आपल्या बहुरूप्यांना आणि दशावतारवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. लाजऱ्या मुलाला माईकसमोर उभं करून 'बोल, बोल' करणाऱ्यांनी एकदा त्याला मुखवटा देऊन बघावा.

तिच्याबद्दल मला जरा जास्त हळवं व्हायला होतं, त्याला कारण आहे. मी चौथीत असताना आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला आजीचं काम मिळालं होतं. माझ्या आईने जुनं लुगडं कापून मला मापाची नऊवारी शिवली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सांगितलं गेलं, हिचा आवाज मागपर्यंत जात नाही. माझ्या जागी सहावीतली मुलगी उभी राहिली आणि मला पडद्याची दोरी धरायला सांगितलं. मी दोरी नीट धरली. घरी येऊन नऊवारी नेसून आरशासमोर सगळी वाक्यं म्हटली, तीही कुणाला ऐकू जाणार नाहीत अशी. त्यानंतर कॉलेजात जाईपर्यंत मी कुठल्याही रंगमंचावर चढले नाही. नाटक बसवणाऱ्या त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना प्रयोग चांगला करायचा होता. पण नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा प्रयोग मोठा नसतो, हे तेव्हा त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. माझ्या शिबिरात आवाज पोचला नाही तर आम्ही सतरंज्या पुढे ओढतो.

आजच्या गॅदरिंगचं चित्र त्याहून काळजीचं आहे. मागच्या जानेवारीत एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते. दुसरीच्या मुलांचं नाटुकलं होतं, पोशाख भाड्याने आणलेले सुंदर, मागे एलईडीचा पडदा. संवाद मात्र आधीच स्टुडिओत कुणा मोठ्यांनी रेकॉर्ड केलेले. मुलं फक्त ओठ हलवत होती. मधेच ट्रॅक अडकला. मुलं थिजली. महिनाभर रोज तालीम केलेली ती मुलं, पण त्यांनी एकमेकांचं वाक्य कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकला होता स्पीकर. समोरचा मित्र काय म्हणणार आहे, मग आपण काय म्हणायचं, याची गरजच त्यांना कधी पडली नव्हती. मिनिटभराने ट्रॅक सुरू झाला, मुलं हलायला लागली, टाळ्या पडल्या. मला घरी येईपर्यंत बोलवेना. आपण मुलांकडून नाटक करून घेतलं आणि नाटकातून मिळणारी नेमकी तीच एक गोष्ट काढून घेतली. शिक्षकांवर वेळेचा, पालकांच्या अपेक्षांचा दबाव असतो, मला कल्पना आहे. तरी हात जोडून सांगावंसं वाटतं: वाक्यं विसरू देत, आवाज बारीक येऊ दे, पण त्यांचं त्यांना बोलू द्या.

मराठीत तर मुलांच्या नाटकाची केवढी श्रीमंती आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'मधुमंजिरी' करून लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हा बालनाट्य म्हणजे गॅदरिंगची हौस हा समज त्यांनी मोडला. पाठोपाठ १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींची 'बालनाट्य' ही संस्था आली. सुलभा देशपांड्यांनी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाळेत, म्हणजे तिच्या बालविभागात, मुलांना घेऊन 'दुर्गा झाली गौरी' उभं केलं. १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आणली. त्यात मोठे नटच मुलं होतात आणि चेटकीण-राक्षसाऐवजी घरातले, शाळेतले, आईबाबांच्या भांडणाचे प्रश्न येतात. ही सगळी नाटकं मुलांनी बघायलाच हवीत. पण आठ वर्षांच्या आतल्या मुलासाठी बघण्याइतकंच, मी तर म्हणेन बघण्याहून जास्त, करणं महत्त्वाचं आहे. आणि करण्यासाठी थिएटर लागत नाही. मिरज तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकांबरोबर दोन दिवस काम करत होते, तेव्हा एका ताईने कडुलिंबाखाली वीस पोरांना घेऊन कावळा-चिमणीचं घर उभं केलं. मेणाचं घर म्हणजे फळी, शेणाचं म्हणजे पोत्याचा तुकडा. पाऊस आला तेव्हा वीस जणांनी जमिनीवर बोटं वाजवली. तीन वर्षांचा एक पोरगा चिमणी झाला होता. कावळ्याने तिसऱ्यांदा 'चिऊताई, दार उघड' म्हटलं आणि त्याला राहवलं नाही, त्याने बाळाला न्हाऊमाखू न घालताच दार उघडून टाकलं. तारा मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला ज्या अंगणातल्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, ते असंच असणार असं मला त्या झाडाखाली वाटलं.

या शिबिरात एका वडिलांनी मला थेट विचारलं, "ताई, याने अभ्यासात काही फरक पडतो का?" ते दिवसभर दुकानात उभे राहून मुलाच्या फीचे पैसे जमवणारे गृहस्थ. त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं. कलेचे फायदे सांगताना पुष्कळदा वाढवून सांगितलं जातं. मोत्झार्टचं संगीत ऐकवलं की बाळ हुशार होतं, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ज्या १९९३ च्या प्रयोगावरून ते पसरलं, त्यात बाळं नव्हतीच, कॉलेजातले विद्यार्थी होते आणि परिणाम काही मिनिटं टिकला होता. त्यापेक्षा मला दुसरा एक अभ्यास जास्त भरवशाचा वाटतो. कॅनडात शेलेनबर्ग नावाच्या संशोधकाने सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. एकाला कीबोर्ड, एकाला गाणं, एकाला नाटक, आणि एकाला त्या वर्षी काहीच नाही. २००४ मध्ये निष्कर्ष आले. संगीताच्या गटांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडासा जास्त वाढला, थोडासाच. नाटकाच्या गटाचा तसा वाढला नाही. पण इतरांशी जुळवून घेण्याच्या, वागण्या-बोलण्याच्या बाबतीत नाटकवाली मुलं लक्षणीय पुढे गेली, आणि हे संगीताच्या गटांत दिसलं नाही.

मी त्या वडिलांना हेच सांगितलं. गणिताचे मार्क वाढतील असं मी म्हणणार नाही. पण तुमचा मुलगा दुसऱ्याचं ऐकायला शिकेल. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "गिऱ्हाईकाचं ऐकून घेणारं पोरगं पाहिजेच की ताई, दुकानात तेच लागतं." त्यांना माझ्याहून लवकर कळलं.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानून खेळ, गाणी, नाट्य यांना जागा दिली आहे. कागदावर ते छान आहे. वर्गात ते पोचायचं तर शिक्षकाला आठवड्यातून एक तास असा मिळायला हवा, ज्यात कुणी वही तपासणार नाही.

शेवटचा दिवस उजाडला. माडीवर सत्तरेक माणसं, पंखे घरघरत होते, खिडकीतून कृष्णेवरचा वारा येईल या आशेने सगळ्या झडपा उघड्या टाकलेल्या. नारळ फोडला, मुलांनी खोबऱ्यासाठी हात पुढे केले. मी विंगेत, म्हणजे जिन्याच्या दाराआड, वही घेऊन बसले.

नाटक छान चाललं. जाणारी म्हातारी कमरेत वाकली ती सरळ व्हायलाच विसरली आणि लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झाल्यावरही वाकूनच चालली. कोल्ह्याचं शेपूट सुटलं, त्याने ते हातात धरून पुढचं काम केलं. मग भोपळा आला. टुणुक टुणुक. जंगल डालग्याच्या चालीकडे बघत म्हणत होतं. वाघ आडवा आला. डोळे दाराकडे, भोपळ्याच्या फटीकडे मुळीच नाही.

"भोपळ्या भोपळ्या, म्हातारीला पाहिलंस का रे?"

भोपळा गप्प.

मी वहीवर बोट ठेवून वाट बघितली. आतून काहीच येईना. डालग्याची साडी जरा थरथरल्यासारखी दिसली. तिची आई पहिल्याच रांगेत होती, तिने तोंडावर पदर धरला. मी वाक्य पुरवायला तोंड उघडलं, तेवढ्यात वाघाकडे लक्ष गेलं.

त्याचे ओठ हलले होते. 'म्हातारी', एवढा आकार मी स्पष्ट बघितला. त्याला ते वाक्य तिच्याहून पाठ होतं, सत्तर माणसं बसली होती, पुढे आजोबा बसले होते. ओठ मिटले. त्याने श्वास घेतला, भोपळ्याभोवती एक चक्कर मारली, पंजे आपटत, हुंगत, अगदी वाघासारखी, आणि पुन्हा समोर येऊन मघापेक्षा हळू आवाजात विचारलं,

"भोपळ्या... म्हातारीला पाहिलंस का रे?"

अजून काही नाही. तो उकिडवा बसला. दाराकडे बघतच बसला. जंगलातून कुणीतरी एकट्यानेच अगदी बारीक 'टुणुक' म्हटलं. वाघाने मान हलवली, जणू त्यालाही घाई नव्हती.

मग डालग्यातून आवाज आला.

"म्हातारी कोतारी मी नाही जाणत..."

आणि सगळं जंगल एकदम उठलं.